खोक्यावरचे नाव नको, चिपचा क्रमांक छापा

प्रति,
संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्रांच्या संगणकविषयक सदरांत लिनक्स आणि डायल-अप मॉडेमचा प्रश्न आला की उत्तर बहुधा एका ओळीत उरकतात: अमक्या कंपनीचा मॉडेम घ्या, नाहीतर लिनक्सचा नाद सोडा. पहिल्या सल्ल्याने वाचकाचे पैसे जातात, दुसऱ्याने धीर. थ्रीकॉमच्या मॉडेम विभागाची दोन पीसीआय कार्डे पाहा. एकाचा क्रमांक १२बी९:१००७, दुसऱ्याचा १२बी९:१००८. दोन्ही यूएस रोबोटिक्सच्या नावाने ओळखली जातात, दोन्ही ५६ के (सेकंदाला ५६ हजार बिट) वेगाची, दोन्ही संगणकाच्या आत बसणारी. पहिले विनमॉडेम आहे, म्हणजे आपले बरेचसे काम संगणकाच्या प्रोसेसरवर टाकणारे. दुसरे, म्हणजे मॉडेल ५६१०, पुरते मॉडेम आहे आणि लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कार्यक्रम) लागतच नाही. नाव तेच, फरक शेवटच्या एका आकड्याचा. म्हणून विनंती अशी की, मॉडेमबद्दल उत्तर छापताना कंपनीच्या नावासोबत हा क्रमांक आणि कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आवृत्ती अवश्य छापावी. तो क्रमांक कसा काढायचा आणि पुढे काय करायचे, ते लिहीत आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत आहेत. टंकताना ती रोमन लिपीत, लहान-मोठ्या अक्षरांचे भान ठेवून टंकावीत.

'आता मॉडेम वापरतो कोण?' असे कोणी विचारेल. एओएलने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली हे खरे. पण फॅक्स, दूरवरच्या राउटरच्या कन्सोलपर्यंत पोहोचण्याची पर्यायी वाट, मोजमापाची यंत्रे आणि जुनी उपकरणे यांच्यासाठी साध्या फोनलाइनवरचा मॉडेम अजून कामाला येतो.

आधी गोम कुठे आहे ते. पूर्ण मॉडेममध्ये दोन कामे कार्डावरच होतात. एक, आवाजाच्या लहरींतून बिट काढणे आणि बिटांच्या लहरी बनवणे. हे डीएसपी या चिपचे काम. दुसरे, एटी आज्ञा (मॉडेमला द्यायचे ठरावीक हुकूम) समजून घेणे, चुका दुरुस्त करणे, माहिती आकसवणे. हे कंट्रोलरचे काम. असा मॉडेम संगणकाला साध्या सिरियल पोर्टसारखा दिसतो आणि लिनक्सच्या कर्नलला सिरियल पोर्ट पहिल्यापासून ठाऊक आहे. विनमॉडेममध्ये पैसे वाचवण्यासाठी कंट्रोलर काढून टाकतात, पुष्कळदा डीएसपीही. उरतो तो लाइनला जोडणारा भाग आणि एक ध्वनिचिप. बाकीचे सगळे काम संगणकाच्या प्रोसेसरने करायचे, आणि ते करणारा कार्यक्रम कंपनीच्या तिजोरीत. 'लिनक्सला मॉडेम कळत नाही' असे म्हणतात तेव्हा खरे तर समोर मॉडेम नसतोच. अर्धा मॉडेम असतो आणि उरलेला अर्धा सीडीवर, तोही दुसऱ्या प्रणालीसाठी लिहिलेला.

क्रमांक काढायला टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' ही आज्ञा द्यावी. मॉडेमच्या ओळीत चौकटी कंसांत दोन गोष्टी येतात: आधी वर्गाचा चार आकडी क्रमांक, शेवटी कंपनी आणि चिप यांची जोडी. वर्ग ०७०० म्हणजे सिरियल कंट्रोलर. तिथे १६५५० (सिरियल पोर्टच्या चिपचे नाव) असेही लिहिले असेल तर बहुधा काम फत्ते. वर्ग ०७८०, म्हणजे नुसता 'कम्युनिकेशन कंट्रोलर', दिसला की विनमॉडेम समजून चालावे. ०७०३ हा मॉडेमचा वर्ग. त्यात दोन्ही प्रकार सापडतात, तेव्हा जोडीकडे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. जोडीचा पहिला भाग कंपनी सांगतो: १४एफ१ म्हणजे कोनेक्झंट, ११सी१ म्हणजे लुसेंट आणि पुढे अगिअर, १६३सी म्हणजे स्मार्टलिंक, १३४डी म्हणजे पीसीटेल, ८०८६ म्हणजे इंटेल. यूएसबी मॉडेमसाठी 'एलएसयूएसबी' ही आज्ञा.

लॅपटॉपमध्ये इथेच फसगत होते. ८०८६:२४सी६ असा क्रमांक दिसतो आणि माणूस इंटेलचा ड्रायव्हर शोधत बसतो. तो क्रमांक मदरबोर्डवरच्या एसी९७ या ध्वनि-मॉडेम जोडणीचा आहे. मॉडेमची खरी चिप तिच्या पलीकडे, छोट्या उपकार्डावर असते. ती ओळखण्यासाठी आधी 'मॉडप्रोब एसएनडी-इंटेल८एक्स०एम' ही आज्ञा द्यावी, मग /प्रॉक/असाउंड खालच्या कार्डांच्या फोल्डरमध्ये कोडेकची, म्हणजे त्या चिपची, माहिती वाचावी. तिथे एसआयएलने सुरू होणारी खूण असेल तर स्मार्टलिंकचा कार्यक्रम चालण्याची चांगली आशा. सीएक्सटी असेल तर कोनेक्झंट. नव्या एचडीए जोडणीतही हाच न्याय: वरवरचा क्रमांक ध्वनिचिपचा, मॉडेमचा कोडेक आत. हे सगळे हाताने नको असेल तर लिनमॉडेम्स या गटाची 'स्कॅनमॉडेम' ही जुनी स्क्रिप्ट आहे; ती हीच माहिती गोळा करून एका मजकूर फाइलीत लिहून देते.

पूर्ण मॉडेम निघाला तर पुढचे काम चहा निवायच्या आत होते. बाहेरचा मॉडेम सिरियल पोर्टला सरळ केबलने जोडावा; दोन संगणक एकमेकांना जोडण्याची, आतल्या तारा उलटसुलट केलेली नल-मॉडेम केबल इथे चालत नाही, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. पहिला पोर्ट /डेव्ह/टीटीवायएस० (पत्ता ०एक्स३एफ८, आयआरक्यू ४), दुसरा टीटीवायएस१ (०एक्स२एफ८, आयआरक्यू ३). पीसीआय कार्ड बहुधा टीटीवायएस४ किंवा त्यापुढे जाते. 'डीमेसेज' म्हणून उच्चारल्या जाणाऱ्या डीएमईएसजी या आज्ञेच्या उत्तरात '१६५५०ए' असलेली ओळ शोधली की नेमका पोर्ट कळतो. कर्नलने चारच पोर्ट राखून ठेवले असतील तर पाचवा दिसणार नाही. तेव्हा बूट करताना '८२५०.एनआर_यूएआरटीएस=८' असे द्यावे. फार जुन्या संगणकावर १६५५०ए ऐवजी ८२५० किंवा १६४५० असे दिसले तर वेग उतरवावा. १६५५०एमध्ये १६ बाइटची रांग आहे. ११५२०० च्या वेगाला ती भरायला सुमारे १.४ मिलिसेकंद लागतात. जुन्या चिपमध्ये जागा एकाच बाइटची. प्रोसेसर ८७ मायक्रोसेकंदांत धावून आला नाही तर तो बाइट गेला.

यूएसबी मॉडेममध्ये सीडीसी-एसीएम या ठरलेल्या पद्धतीने बोलणारा निवडावा. यूएस रोबोटिक्सचा ५६३७ हा त्यातलाच. तो लावला की कर्नलमधला सीडीसी_एसीएम आपोआप पुढे येतो आणि /डेव्ह/टीटीवायएसीएम० तयार होते. ड्रायव्हर उतरवणे नाही, जुळवणे नाही. आमचे स्पष्ट मत विचाराल तर विनमॉडेमवर दोन रात्री घालवण्यापूर्वी वाचकाने हा पर्याय पाहावा. मात्र सगळे यूएसबी मॉडेम असे नसतात. आत कोनेक्झंट किंवा स्मार्टलिंकचे अर्धे मॉडेम असलेलेही आहेत.

विनमॉडेमच चालवायचा असेल तर घराणे पाहून वाट वेगळी. लुसेंटच्या मार्स चिपसाठी आधी एलटीमॉडेम होता. पुढच्या कर्नलांसाठी 'मार्शन' आला. त्याचे दोन तुकडे: कर्नलमध्ये बसणारे मार्शन_डेव्ह हे मॉड्यूल आणि बाहेर चालणारा मार्शन_मॉडेम हा सहायक. आधी मॉड्यूल चढवायचे, मग सहायक सुरू करायचा. /डेव्ह/टीटीवायएसएम० दिसले की मॉडेम जागा झाला. सहायक बंद पडला की ते नावही नाहीसे होते, म्हणून तो बूटबरोबर सुरू होईल अशी सोय करावी.

स्मार्टलिंकच्या कार्यक्रमाचे नाव एसएलमॉडेमडी. तो दोन प्रकारे चालतो आणि दोन्ही एकदम चालत नाहीत, हे ध्यानात न घेतल्याने बहुतेकांचा वेळ जातो. पहिला प्रकार त्याच्या स्वतःच्या एसएलएएमआर मॉड्यूलवर: 'मॉडप्रोब एसएलएएमआर' आणि मग 'एसएलमॉडेमडी /डेव्ह/एसएलएएमआर०'. दुसरा प्रकार अल्सा या लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेच्या ड्रायव्हरवर: 'एसएलमॉडेमडी --अल्सा एचडब्ल्यू:१', जिथे १ हा मॉडेमरूपी ध्वनिकार्डाचा क्रमांक, तो 'एप्ले -एल' या आज्ञेने पाहून घ्यावा. एसएनडी-इंटेल८एक्स०एम आधीच चढलेले असेल तर चिप त्याच्या ताब्यात असते आणि एसएलएएमआरला 'असे उपकरण नाही' हे उत्तर मिळते. एकाला काळ्या यादीत टाकावे. आणखी एक अडचण ६४ बिटची. एसएलएएमआरमध्ये ३२ बिटचा तयार, बंद (स्रोत उघड नसलेला) तुकडा आहे. ६४ बिट कर्नलमध्ये तो बसवताच येत नाही. अल्साच्या प्रकारात मात्र बंद तुकडा कर्नलबाहेर राहतो, त्यामुळे 'जीसीसी -एम३२' ने कार्यक्रम ३२ बिटचा बांधून, ३२ बिटची अल्सा लायब्ररी शेजारी ठेवून ६४ बिट प्रणालीवरही तो चालतो. देश निवडायला '--कंट्री=' हा पर्याय आहे आणि '--कंट्रीलिस्ट' ने यादी दिसते. हे पाऊल गाळू नये. डायल टोनची वारंवारता आणि लय प्रत्येक देशात निराळी; चुकीचा देश ठेवला की लाइन व्यवस्थित असूनही 'नो डायलटोन' येते.

कोनेक्झंटच्या एचएसएफ चिपसाठी लिनक्सँट या कंपनीचा ड्रायव्हर होता: फुकट घेतला तर वेग १४.४ केबीपीएस, पूर्ण ५६ के आणि फॅक्स हवे तर परवान्याचे पैसे. याच ड्रायव्हरबाबत एप्रिल २००४ मध्ये उघडकीला आले की, त्याने कर्नलला आपला परवाना सांगताना 'जीपीएल' (मुक्त परवान्याचे नाव) या अक्षरांनंतर शून्य-अक्षर (मजकूर संपल्याची खूण) घातले होते. कर्नल तिथेच वाचायचे थांबे आणि मॉड्यूल मुक्त समजे. पुढचा मजकूर त्याच्या नजरेस पडत नसे. बंद मॉड्यूलबद्दल कर्नल पुन्हा पुन्हा देत असलेल्या इशाऱ्यांनी ग्राहक गोंधळतात, असे कंपनीचे म्हणणे होते. बंद ड्रायव्हर आणि कर्नल यांची सोयरीक किती ओढाताणीची होती हे त्यावरून दिसते. पीसीटेल आणि इंटेलच्या ५३६ईपी, ५३७ईपी या चिपांचे ड्रायव्हर जुन्या कर्नलांपलीकडे फारसे टिकले नाहीत. तिथे कार्ड बदलणेच शहाणपणाचे.

बांधणीत काय अडते? सर्वांत आधी, नेट नाही म्हणून मॉडेम लावायचा आणि मॉडेम लावायला नेट हवे. दुसऱ्या संगणकावरून सामान आणावे लागते: ड्रायव्हरचा स्रोत, जीसीसी, मेक आणि चालू कर्नलचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली). डेबियन घराण्यात 'अ‍ॅप्ट-गेट --प्रिंट-यूआरआयज इन्स्टॉल' पुढे पॅकेजांची नावे दिली की लागणाऱ्या सगळ्या फाइलींचे पत्ते छापून मिळतात. ते पेनड्राइव्हवर घेऊन जावे. हेडर 'यूनेम -आर' जी आवृत्ती सांगेल, अगदी तिचेच हवेत. शेवटच्या एका आकड्याचा फरकही चालत नाही. 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' असा संदेश आला की हीच चूक. 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल' आला तर दोष ड्रायव्हरचा नसून सही नसलेले मॉड्यूल नाकारणाऱ्या सिक्युअर बूटचा असतो: मॉड्यूलवर स्वतःची सही करून ती किल्ली नोंदवावी, नाहीतर फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट बंद करावे.

जुना स्रोत नव्या कर्नलवर बांधताना चुकांची जी माळ लागते तिलाही कारणे आहेत. २.६.३७ मध्ये इनिट_म्यूटेक्स गेले, २.६.३९ मध्ये 'बिग कर्नल लॉक' संपले, ४.१५ मध्ये टायमर लावण्याची जुनी रीत काढली. कर्नलच्या आतल्या सांध्यांना कायमपणाची हमी नाही. कर्नलच्या झाडात असलेला ड्रायव्हर त्या त्या वेळी दुरुस्त होतो, बाहेरचा मागे राहतो. पहिली चूक वाचावी आणि कोणते नाव सापडत नाही ते पाहून त्याच आवृत्तीसाठीचा पॅच शोधावा. खालच्या पन्नास ओळी पहिलीच्याच लेकी असतात. एकदा चालले की कर्नल अद्ययावत होऊ देताना विचार करावा, कारण प्रत्येक नव्या कर्नलला मॉड्यूल पुन्हा बांधावे लागते. डीकेएमएस या साधनाने ते आपोआप होते, स्रोत बांधला जात असेल तोवर.

पोर्ट दिसू लागला की लगेच फोन लावू नये. आधी मिनिकॉम या टर्मिनल कार्यक्रमात पोर्ट उघडून 'एटी' टंकावे. 'ओके' आले पाहिजे. परवानगी नाकारली तर वापरकर्त्याला डायलआउट गटात घालून पुन्हा लॉग-इन करावे. 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आले तर मॉडेममॅनेजर या पार्श्वभूमीतल्या कार्यक्रमाकडे बोट दाखवावे: नवा पोर्ट दिसला की तो चाचपून पाहतो आणि मधेच अडवतो. 'सिस्टिमसीटीएल स्टॉप मॉडेममॅनेजर' ने तो थांबतो. यूएसबी-सिरियल केबल लावताच नाहीशी होत असेल तर बीआरएलटीटीवाय, म्हणजे ब्रेल उपकरणांचा कार्यक्रम, ती पळवत नाही ना हे पाहावे. सीएच३४० चिपच्या केबलांबाबत हे घडते.

मग डब्ल्यूव्हीडायल, म्हणजे फोन लावणारा कार्यक्रम. पूर्ण मॉडेम 'डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ' स्वतः शोधून काढतो. एसएलमॉडेमडीचे टीटीवायएसएल० किंवा मार्शनचे टीटीवायएसएम० मात्र त्याला सापडतीलच असे नाही, कारण ही नावे मुळात आभासी टर्मिनलांची आहेत. तिथे /ईटीसी/डब्ल्यूव्हीडायल.कॉन्फ हातानेच लिहावी: 'मॉडेम' पुढे पोर्टचे नाव, 'बॉड' ११५२००, 'इनिट१' एटीझेड, मग फोन नंबर, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, आणि 'कॅरिअर चेक = नो'. ही शेवटची ओळ सॉफ्टमॉडेमला फार लागते. आभासी टर्मिनलला कॅरिअर (लाइन जुळल्याची खूण) सांगणारी तारच नसल्याने डब्ल्यूव्हीडायल जुळलेली लाइन तुटली असे समजतो. 'स्टुपिड मोड = येस' नाव ऐकायला बरे नाही, पण जो सर्व्हर लॉग-इनचा प्रश्न न विचारता थेट पीपीपी (फोनवरून नेट जोडण्याची भाषा) बोलू लागतो त्याच्यासाठी तोच उपाय. बॉड ५६००० ठेवण्याची चूक अनेक सल्ल्यांत दिसते. हा आकडा संगणक आणि मॉडेम यांच्यातला आहे, फोनलाइनवरचा नव्हे, मॉडेम व्ही.४२बिस या पद्धतीने आकसवलेली माहिती उलगडून पुढे ढकलतो, म्हणून आतली वाट बाहेरच्या वाटेपेक्षा रुंद हवी.

मॉडेमची उत्तरे नीट वाचली तर निम्मे निदान तिथेच होते. 'नो डायलटोन' म्हणजे देश चुकला, तार दुसऱ्या भोकात लागली, किंवा निरोप साठल्यावर ऐकू येणारा तुटक टोन मॉडेमला कळला नाही. 'एटीएक्स३' दिल्यावर तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. 'नो कॅरिअर' कर्कश आवाजानंतर आले तर दोन्ही बाजूंचे वेगावर एकमत झाले नाही. 'एटी+एमएस=व्ही३४' ने बऱ्याच चिपा व्ही.३४ वर, म्हणजे जास्तीत जास्त ३३.६ केबीपीएसवर बांधून घालता येतात. खरखरत्या लाइनवर ५६ के च्या हट्टापेक्षा ते बरे. एकाच लाइनवर डीएसएल असेल तर मॉडेमच्या आधी फिल्टर लावावा. कचेरीतल्या डिजिटल पीबीएक्सच्या (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजच्या) खोबणीत मॉडेम कधीच लावू नये, तो जळू शकतो. फोन व्हीओआयपीवर (इंटरनेटवरून) असेल तर कोडेक, म्हणजे इथे आवाजाच्या संकेतनाची रीत, जी.७११ ठेवावा, माणसाच्या बोलण्यासाठी आवाज आकसवणारे कोडेक मॉडेमचा सूर ओळखता येणार नाही असा करून टाकतात, आणि मग दोष ड्रायव्हरच्या माथी येतो.

'कनेक्ट' आल्यावर पुढचे काम पीपीपीडी या पीपीपी चालवणाऱ्या कार्यक्रमाचे. तो १९ या संकेतासह थांबला तर पासवर्ड नाकारला गेला. पीएपी-सीक्रेट्स आणि सीएचएपी-सीक्रेट्स या फाइलींतली अवतरणचिन्हे तपासावीत. १६ म्हणजे मॉडेमने फोन ठेवला, १० म्हणजे पीपीपीची बोलणी फिसकटली. पलीकडच्यानेच आधी स्वतःची ओळख पटवावी असा संदेश आला तर 'नोऑथ' हा पर्याय राहून गेला आहे. जोडणी झाली, आयपी पत्ताही मिळाला, पण पान उघडत नाही, तेव्हा 'आयपी रूट' पाहावे: इथरनेटचा जुना मूळ मार्ग असल्यास पीपीपीडी तो बदलत नाही, फक्त लॉगमध्ये तसे नोंदवून गप्प बसतो. तो मार्ग हाताने काढावा. आणि पत्ता आकड्यांत दिल्यावर उत्तर येते, नावाने येत नाही, तर 'यूजपीअरडीएनएस' हा पर्याय घालायचा राहिला.

यातली प्रत्येक पायरी पहिल्या क्रमांकावर अवलंबून आहे. म्हणून पुन्हा विनंती: वाचकाचा प्रश्न आला की उत्तर लिहिण्याआधी त्याच्याकडून 'एलएसपीसीआय -एनएन' ची ती एक ओळ आणि 'यूनेम -आर' चे उत्तर मागवून घ्यावे, आणि दोन्ही उत्तरासोबत छापावे.

आपला,
एक लिनक्स वापरकर्ता वाचक